हे खरे आहे काय?

२ एप्रिल २०२५, ईदचा तिसरा दिवस. बिबवेवाडीत खालाच्या घरी आम्ही सात-आठ भावंडं मोबाईल मधे ठेवून लोकसभा बघत बसलो होतो. वक्फ दुरुस्ती विधेयकावरची चर्चा मध्यरात्र उलटली तरी चालूच होती. शीरखुर्म्याचं पातेलं दोनदा गरम झालं. कोण काय बोललं, कुणाची आकडेवारी चुकली, कुणी शेर म्हटला, सगळं आम्हाला पाठ होतं.

त्याच दिवशी राज्यसभेने आणखी एक विधेयक मंजूर केलं: इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक विधेयक, २०२५. त्या खोलीत बसलेल्या एकालाही ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर या मासिकाचं संपादन करतो, म्हणजे चूक माझीच जास्त. वक्फवर आपण तीन अंक काढले. या कायद्यावर हा पहिलाच लेख, आणि तोही कायदा १ सप्टेंबरपासून लागू झाल्यानंतर.

आता म्हणाल, परदेशी नागरिकांच्या कायद्याशी आपला काय संबंध? आपण इथलेच. आजोबा मार्केट यार्डात हमाली करायचे, मी मराठी शाळेत शिकलो. संबंध आहे, कारण एखादा माणूस परदेशी आहे की नाही हा प्रश्न निघाला की आपण परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच येते. ही तरतूद नवी नाही. १९४६ च्या फॉरेनर्स ॲक्टच्या कलम ९ मध्ये ती होतीच, इंग्रजांची देणगी. नव्या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे रद्द केले, पण ही तरतूद मात्र जपून नव्या घरात आणली.

नवी गोष्ट दुसरी आहे. १९२० च्या पासपोर्ट कायद्यात वॉरंटशिवाय अटक करायची तर पोलीस अधिकारी किमान उपनिरीक्षक दर्जाचा लागायचा. नव्या कायद्यात तो किमान हवालदार असला तरी चालतो. दोन शब्दांचा फरक. संसदेतल्या भाषणांत हे दोन शब्द कुणाच्या लक्षात राहिले असतील असं मला वाटत नाही. भाषणं गाजली ती भारत ही धर्मशाळा आहे की नाही यावर.

असे दोन शब्द पकडण्यासाठीच संसदेत एक जागा आहे. १९९३ पासून प्रत्येक खात्यासाठी स्थायी समित्या आहेत. गृहखात्याची समिती ३१ जणांची, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. पोलीस, आपत्ती व्यवस्थापन, सीमा, इमिग्रेशन, सगळं तिच्याकडे. तिथे कॅमेरा नसतो, त्यामुळे आरडाओरडाही कमी असतो. खात्याच्या सचिवांना बोलावून कलमावार विचारता येतं, की हवालदार का? उपनिरीक्षक असताना काय अडत होतं? बाहेरच्या लोकांकडून निवेदनं मागवता येतात. २०२३ मध्ये तीन नवी फौजदारी विधेयकं ऑगस्टमध्ये याच समितीकडे गेली, नोव्हेंबरमध्ये तिचे अहवाल आले, आणि डिसेंबरमध्ये सरकारने विधेयकं मागे घेऊन काही बदलांसह पुन्हा मांडली. बदल पुरेसे नव्हते असं माझं मत आहे. पण झाले.

इमिग्रेशन विधेयक ११ मार्चला मांडलं, २७ मार्चला लोकसभेत मंजूर, २ एप्रिलला राज्यसभेत, ४ एप्रिलला राष्ट्रपतींची सही. मांडणीच्या वेळीच मनीष तिवारींनी ते संयुक्त संसदीय समितीकडे तरी पाठवा, अशी मागणी केली होती. ते कुठेच गेलं नाही. हा एकट्या याच विधेयकाचा किस्सा नाही. पंधराव्या लोकसभेत ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत १६ टक्के.

समितीकडे जाऊन तरी काय होतं, शेवटी बहुमत सरकारचंच ना, असा प्रश्न मला आमच्या बैठकीत दर वेळी कुणीतरी विचारतं. त्याला मी आता महाराष्ट्राचं उदाहरण देतो. विशेष जनसुरक्षा विधेयक. ते डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पुन्हा मांडलं गेलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. अध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे, म्हणजे सत्ताधारीच. लोकांकडून १२ हजारांहून जास्त सूचना आल्या. त्यातल्या काही आपल्या वाचकांच्याही होत्या. त्या पत्रांचा मसुदा आपणच फिरवला होता. समितीतून विधेयक बाहेर आलं तेव्हा उद्देशातला सरसकट ‘व्यक्ती आणि संघटना’ हा उल्लेख गेला होता आणि तपास उपनिरीक्षकाऐवजी पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला होता. कायदा अजूनही सैल आहे. ‘तत्सम संघटना’ या शब्दांत कुणालाही बसवता येईल. १० जुलैला विधानसभेत तो मंजूर झाला तेव्हा ठाम विरोध करणारे माकपचे विनोद निकोले एकटेच होते. हे सगळं मान्य. पण बघा, एका विधेयकाची समितीत चिकित्सा झाली आणि अधिकार उपनिरीक्षकाकडून वर उपअधीक्षकाकडे गेला. दुसऱ्याची झाली नाही आणि अधिकार उपनिरीक्षकाकडून खाली हवालदाराकडे आला.

दर्जाचं एवढं काय, असं वाटत असेल तर खालाच्या भाडेकरूंची गोष्ट सांगतो.

खालाच्या वरच्या खोलीत मुर्शिदाबादचे दोन तरुण राहतात. पीओपीचं काम करतात. पोलिसांकडची भाडेकरू नोंदणी खालाने स्वतः करून घेतली आहे. ती असल्या बाबतीत फार कडक. जून महिन्यात बातमी आली की महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि ते भारतीयच निघाल्याने त्यांना परत आणावं लागलं. तेव्हापासून या दोघांनी आधार, मतदार कार्ड, बापाच्या जमिनीचा कागद आणि शाळेचा दाखला प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला. मग २६ जुलैची रात्र आली. चंदननगरला कारगिल युद्धात लढलेल्या एका माजी सैनिकाच्या कुटुंबाच्या दारात मध्यरात्री जमाव आला, सोबत साध्या कपड्यातले पोलीस होते, आधार कार्ड दाखवलं तर ते खोटं आहे म्हणाले, पुरुषांना पोलीस ठाण्यात नेलं, असा त्या कुटुंबाचा आरोप आहे. त्याच घराण्यातले दोघे १९६५ आणि १९७१ च्या लढाईतही होते. बेकायदा राहणाऱ्यांची माहिती मिळाली म्हणून तपासणीला गेलो, असं पोलिसांचं म्हणणं. त्या दिवसापासून खालाचे भाडेकरू फोल्डर उशाशी घेऊन झोपतात.

मी त्यांना म्हटलं, जमाव आला तर ११२ ला फोन करायचा. धाकटा हसला. म्हणाला, “भाईजान, फोन किया तो भी पुलिस ही आएगी ना.” मदतीचा नंबर आणि भीतीचं कारण एकच असलं की आपत्कालीन सेवेचं काय होतं, याचा विचार ११२ च्या जाहिराती करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

ऑगस्टमध्ये दोघांना कामाच्या साईटवरून उचललं. शहरातल्या एका चौकीत संध्याकाळी सातपासून रात्री दोनपर्यंत बसवलं. मारलं नाही. फोन काढून घेतले, गावच्या सरपंचाला व्हिडिओ कॉल करायला लावला, फोल्डरमधले कागद दोनदा चाळले आणि ठेकेदार आल्यावर सोडलं. दुसऱ्या दिवशी मी चौकीत विचारायला गेलो. उत्तर मिळालं, कसली नोंद? कुणाला आणलंच नव्हतं.

ही नोंद नसणं मला त्या सात तासांपेक्षा जास्त झोंबलं. संविधानाच्या अनुच्छेद २२ मधले २४ तास कुठून मोजायचे? उद्या कुणी विधानसभेत विचारलं, संशयावरून किती भारतीयांना बसवून ठेवलं, तर खात्याचं उत्तर शून्य येईल. माहितीच्या अधिकारातही तेच. आणि हे काम हवालदाराच्या पातळीवर होत असेल तर वरच्या अधिकाऱ्याला, मला काही माहीतच नव्हतं, असं म्हणायची सोयही आपोआप होते. म्हणून दर्जा महत्त्वाचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये आसामच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे की सिद्ध करायची जबाबदारी माणसावर असली तरी सरकारकडे आधी संशयाला काही ठोस आधार हवा. वाटेल त्याचं दार ठोठावून, तू परदेशी आहेस असं आम्हाला वाटतं, असं म्हणता येत नाही. तो आधार काय होता हे ज्या कागदावर लिहायचं, तो कागदच तयार होत नाही.

आता जबाबदार कोण, ते बघू. पोलीस हा राज्याचा विषय. परदेशी नागरिक हा केंद्राचा. परदेशी व्यक्तीला शोधून, ताब्यात घेऊन परत पाठवण्याचे अधिकार केंद्राचे, पण ते पूर्वीपासून राज्यांकडे सोपवलेले आहेत. त्यामुळे दिल्लीत विचारलं की उत्तर येतं, अंमलबजावणी राज्यं करतात. मुंबईत विचारलं की उत्तर येतं, केंद्राच्या सूचनेप्रमाणे कार्यवाही चालू आहे. या दोन उत्तरांमध्ये जी फट आहे, तिच्यात खालाचे भाडेकरू राहतात. त्यात भर म्हणून १ सप्टेंबरलाच केंद्राने एक सूट देणारा आदेश काढला. अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन लोकांना कागद नसल्याबद्दल शिक्षा होणार नाही. छळ सोसून आलेल्यांना आसरा मिळतो याचं मला वाईट वाटत नाही, वाटूही नये. पण म्हणजे संशयाच्या चाळणीत शेवटी कोण उरतं, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. आणि हा आदेश खात्याने काढलेला आहे. संसदेत त्यावर मत पडलेलं नाही.

तर मग प्रश्न विचारायचा. कुणी?

मी एका रविवारी बसून बिबवेवाडीचा हिशेब मांडला. पुणे महापालिकेची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली. तेव्हापासून प्रशासक होता. साडेतीन वर्षं आपल्याला नगरसेवकच नव्हता. अग्निशमन दलावर किती खर्च झाला हे स्थायी समितीत विचारायलाही कुणी नव्हतं. विधानसभेला आपण पर्वती मतदारसंघात. आमदार माधुरी मिसाळ, त्या राज्यमंत्री आहेत. लोकसभेला पुणे. खासदार मुरलीधर मोहोळ, तेही केंद्रात राज्यमंत्री. मंत्री प्रश्नांना उत्तरं देतात, विचारत नाहीत. मंत्र्याला स्थायी समितीवरही बसता येत नाही. म्हणजे बिबवेवाडीच्या मतदाराने निवडून दिलेला एकही माणूस आज सभागृहात उठून पोलिसांबद्दल तारांकित प्रश्न विचारू शकत नाही. मंत्रिपद मिळालं तेव्हा आपल्या भागात पेढे वाटले गेले, मीही एक खाल्ला. ही बाजू तेव्हा लक्षात आली नव्हती.

याचा अर्थ मंत्र्यांकडे जायचं नाही असा नाही. मिसाळ यांच्याकडे अल्पसंख्याक विकासाचं राज्यमंत्रिपदही आहे, त्यांच्या कार्यालयात निवेदन गेलंच पाहिजे. पण निवेदनाचं उत्तर देणं बंधनकारक नसतं. सभागृहातल्या प्रश्नाचं असतं. आणि सभागृहात दिलेलं उत्तर कायमचं छापलं जातं. परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशी प्रकरणाची आठवण ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये कोठडीतल्या त्या मृत्यूनंतर मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत निवेदन केलं, मारहाण झाली नसल्याचं सांगितलं, न्यायालयीन चौकशीही जाहीर केली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. आता ते निवेदन आणि तो आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. पत्रकार परिषदेतलं वाक्य असतं तर, विपर्यास केला, म्हणून सुटता आलं असतं. त्या आईच्या लढ्यामागे आंबेडकरी कार्यकर्ते उभे राहिले, आणि त्यांना विधिमंडळाची भाषा येते. आपण ती त्यांच्याकडून शिकायला हवी.

दुसरी गोष्ट, प्रश्न आपल्याच आमदाराने विचारला पाहिजे असं नाही. राज्यातला कुणीही आमदार चंदननगरबद्दल विचारू शकतो. विधान परिषदेचे सदस्यही विचारू शकतात. राज्यसभेचेही, केंद्राच्या वाट्याचं. सध्या विरोधकांचं संख्याबळ कमी आहे. म्हणून एकेका आमदाराचा प्रश्न पूर्वीपेक्षा मोलाचा. आणि कृपा करून विधानसभेतल्या १० मुस्लिम आमदारांचीच यादी काढून बसू नका. निकोले डहाणूचे आहेत, आदिवासी मतदारसंघाचे. सत्ताधारी पक्षाचे आमदारही प्रश्न विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना खातं जरा जास्त सांभाळून लिहितं.

पावसाळी अधिवेशन १८ जुलैला संपलं आणि चंदननगरची घटना २६ जुलैची. म्हणजे विधिमंडळ बंद झाल्यावर आठ दिवसांनी. पुढची बैठक थेट डिसेंबरात नागपूरला. प्रश्नांची सूचना त्याच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून हा लेख आत्ता. आमच्या बैठकीत आम्ही प्रश्न लिहायला घेतला आणि पहिला मसुदा पार फसला. ‘पुणे पोलीस निरपराध मुस्लिम तरुणांचा छळ करतात, हे खरे आहे काय?’ असं एकाने तावातावाने लिहिलं. एका निवृत्त कक्ष अधिकारी चाचांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “बेटा, याचं उत्तर ‘नाही’. आणि एकदा ‘नाही’ आलं की खालच्या सगळ्या कलमांना ‘प्रश्न उद्भवत नाही’. संपला तुमचा कागद.”

त्यांनी शिकवलेली गोष्ट अशी: पहिल्या कलमात खात्याला नाकारताच येणार नाही अशी बाब घालायची, पोलिसांनी स्वतः जाहीरपणे मान्य केलेली. मग कमीत कमी ‘अंशतः खरे आहे’ तरी लिहावं लागतं, आणि दार उघडतं. विशेषणं काढायची. संख्या मागायची. सध्याचा मसुदा असा आहे:

(१) चंदननगर, पुणे येथे दिनांक २६ जुलै, २०२५ रोजी रात्री पोलीस पथकाने बेकायदा वास्तव्याच्या संशयावरून एका कुटुंबाच्या कागदपत्रांची तपासणी केली, हे खरे आहे काय. (२) असल्यास, तपासणीवेळी पोलीस दलाबाहेरील व्यक्ती उपस्थित होत्या काय व कोणत्या अधिकाराने. (३) मे ते सप्टेंबर, २०२५ या कालावधीत पुणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत अशा संशयावरून पोलीस ठाणे वा चौकीत किती व्यक्तींना नेण्यात आले, त्यापैकी किती भारतीय नागरिक आढळले व किती व्यक्तींची नोंद ठाणे दैनंदिनीत घेण्यात आली. (४) अशा तपासणीसाठी कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे. (५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पाचवं कलम ठरलेलं असतं, ते तसंच ठेवायचं म्हणे.

तिसऱ्या कलमाला शून्य हे उत्तर येऊ नये यासाठी आपल्याकडे आपली नोंद लागेल. तुमच्या ओळखीत कुणाला असं नेलं असेल तर तारीख, नेल्याची आणि सोडल्याची वेळ, कुठून नेलं, कोणते कागद दाखवले, सोबत साध्या कपड्यातले कुणी होते का, एवढं लिहून पाठवा. नाव नको. पोलिसांबद्दल शिव्याही नकोत. चांगलं वागले असतील तर तेही लिहा. मराठीत लिहा किंवा उर्दूत, आम्ही मसुदा करून घेऊ. आतापर्यंत ११ नोंदी आल्या आहेत, सगळ्या पुणे शहरातल्या. तीन आमदारांशी बोलणं झालं आहे. त्यातल्या एकाने सूचना देतो म्हटलंय, त्यांचं नाव सूचना दाखल झाल्यावर सांगेन.

खालाच्या भाडेकरूंची नोंद पहिली लिहिली. थोरल्याने ती वाचून एकच दुरुस्ती सांगितली. सुटका दोनला झाली नव्हती, दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. मी वरची ओळ बदललेली नाही, नोंदीत मात्र दोन वीस केलं आहे.